व्हिएतनाम काळातला अमेरिकी लष्करी गणवेश: चिन्हांवरून काळ कसा ओळखायचा

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींना फ्ली मार्केट, इस्टेट सेल आणि आर्मी सरप्लसच्या दुकानांत फिरायची सवय लागते. तिथे कुठल्यातरी रॅकवर विटलेला हिरवा शर्ट लटकत असतो, खांद्यावर रंगीत पॅच असतो, आणि विकणारा छातीठोकपणे सांगतो, "व्हिएतनाम, सिक्स्टी-फाइव्ह." तो खरं सांगतोय की नाही हे पडताळायची पद्धत या लेखात देतोय. मला ती जुन्या संग्राहकांच्या शेजारी बसून, शर्ट हातात घेऊन घेऊन समजली. मराठीत ती कुठे एकत्र लिहिलेली दिसली नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी मूळ सूत्र समजून घ्या. शर्टावरची प्रत्येक गोष्ट आपापली तारीख सांगते: कापड, लेबल, नावपट्टी, हुद्दा, पॅच, टाके. यातला प्रत्येक पुरावा साधारण एवढंच सांगतो की "मी अमुक सालाच्या आधीचा नाही." त्यामुळे सगळ्यांत उशिराचा पुरावा शोधायचा. गणवेश आज दिसतो त्या रूपात त्याच्या आधी असूच शकत नाही. एकच चिन्ह पाहून साल ठरवणारा माणूस हमखास फसतो.

इथे फक्त अमेरिकी भूदलाबद्दल लिहितोय. मरीन, हवाई दल आणि दक्षिण व्हिएतनामचं सैन्य यांचे नियम वेगळे आहेत, त्यांची सरमिसळ करू नका.

जवळ काय असावं

- दहा पट मोठं दाखवणारं भिंग
- ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च (स्वस्तातल्या जांभळ्या टॉर्चचा फारसा उपयोग होत नाही)
- मोजपट्टी, वही आणि बऱ्यापैकी कॅमेरा असलेला फोन
- आम्लविरहित टिश्यू कागद आणि रुंद खांद्याचे हँगर
- तुकड्यांच्या तारखांची एक यादी, स्वतःच्या हाताने केलेली

१. पॅच नंतर, आधी कपडा

दोन मुख्य कपडे तुमच्या हाती येतील. पहिला म्हणजे ओजी-१०७, जाड कॉटन सॅटीनचा साधा हिरवा शर्ट. तो १९५२ पासून वापरात होता. सुरुवातीच्या शर्टांच्या बाहीला कफ नाही, बाही सरळ संपते आणि खिशाच्या झाकणाचे कोपरे कापलेले असतात. पुढे झाकण टोकदार झालं आणि १९६४ च्या सुमारास बटणाचा कफ आला. व्हिएतनामला पोचलेले पहिले सैनिक याच शर्टात होते, आणि तिथल्या उकाड्यात तो अंगावर असह्य होत असे.

दुसरा म्हणजे ज्याला सगळे जंगल फटीग म्हणतात ते जॅकेट. ते पातळ असतं, छातीवरचे खिसे तिरके असतात आणि खाली मोठे झोळीसारखे खिसे असतात. याच्या पिढ्या ओळखणं सोपं आहे, आणि नवख्याने सर्वांत आधी हेच शिकावं:

पहिल्या पिढीत खिशांची बटणं उघडी दिसतात, खांद्यावर पट्टे असतात, कमरेला आवळायच्या पट्ट्या असतात. हे १९६३ च्या आसपासचं, आणि दुर्मिळ.

दुसऱ्या पिढीत बटणं झाकणाखाली लपवली, कारण उघडी बटणं झाडाझुडपांत अडकत. खांद्यावरचे पट्टे मात्र राहिले.

तिसऱ्या पिढीत खांद्यावरचे पट्टे आणि कमरेच्या पट्ट्या दोन्ही गेल्या. सुरुवातीला कापड साधं पॉपलिन होतं, १९६७-६८ नंतर रिपस्टॉप आलं. उजेडात तिरकं धरलं की रिपस्टॉपमध्ये बारीक चौकडी दिसते. जाड दोरे ठरावीक अंतरावर विणलेले असल्यामुळे फाटलेली जागा पुढे पसरत नाही.

म्हणजे रिपस्टॉपचं जॅकेट "१९६५ चं" म्हणून कुणी पुढे केलं, तर तिथेच विषय संपला. पॅच बघायचीसुद्धा गरज नाही.

२. लेबल वाचा

आतल्या बाजूच्या लेबलवर कंत्राटाचा क्रमांक छापलेला असतो. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात तो साधारण "डीएसए १००-६८-सी" आणि पुढे काही आकडे असा दिसतो. डीएसए म्हणजे डिफेन्स सप्लाय एजन्सी, संरक्षण खात्याची पुरवठा संस्था. ती १९६१ मध्ये स्थापन झाली आणि १ जानेवारी १९७७ पासून तिचं नाव डिफेन्स लॉजिस्टिक्स एजन्सी झालं. त्यामुळे लेबलवर "डीएलए" दिसलं तर तो कपडा युद्ध संपल्यानंतरचा.

मधला ६८ हा आकडा आर्थिक वर्षाचा, आणि इथेच बरेच जण घसरतात. तेव्हा अमेरिकी सरकारचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपायचं. ६८ म्हणजे जुलै १९६७ ते जून १९६८. शिवाय ही कंत्राटाची तारीख. कपडा शिवून, गोदामात पडून, सैनिकाच्या हातात पडेपर्यंत आणखी वर्ष-दोन वर्षं सहज जात. काही लेबलांवर वर्षाचा आकडाच नसतो. अशा वेळी जॅकेटच्या पिढीवर भर द्या.

सामानाचा साठा-क्रमांकही पाहा. १९७४ च्या सप्टेंबरपर्यंत तो अकरा आकडी होता, त्यानंतर मध्ये दोन आकडे घालून तेरा आकडी झाला. सुरुवातीच्या ८४१५ किंवा ८४०५ नंतर "००" किंवा "०१" असेल, तर तो कपडा व्हिएतनामच्या रणभूमीवर जाऊन आलेला नाही.

धुऊन धुऊन लेबल कोरं झालं असेल तर घाई करू नका. बाजूने तिरका उजेड टाकून फोटो काढा, फोनवर काँट्रास्ट वाढवा. बऱ्याचदा तीन-चार आकडे डोकं वर काढतात आणि तेवढेही पुरतात.

३. छातीवरच्या पट्ट्या आणि रंगांचा बदल

डाव्या खिशावर "यूएस आर्मी", उजव्या खिशावर आडनाव. सुरुवातीच्या काळात "यूएस आर्मी" काळ्या पट्टीवर सोनेरी पिवळ्या अक्षरांत आणि आडनाव पांढऱ्या पट्टीवर काळ्या अक्षरांत असे. जंगलात ही पांढरी पट्टी आणि पिवळी अक्षरं लांबून चमकायची. १९६६ च्या सुमारास हिरव्यावर काळी अक्षरं आली आणि पॅचसुद्धा काळ्या-हिरव्या रंगांत विणले जाऊ लागले. संग्राहक याला "सबड्यूड" म्हणतात.

हा बदल एका रात्रीत झाला नाही. कित्येक वर्षं दोन्ही प्रकार शेजारीशेजारी चालले. एकाच तुकडीत, अगदी एकाच शर्टावरही मिश्रण सापडतं. त्यामुळे सबड्यूड पट्टी असेल तर "१९६६ च्या आधीचं नाही" असं म्हणा, पण रंगीत पॅच दिसला म्हणून "१९६६ च्या आधीचंच" असं म्हणू नका. विकणारे हे दुसरं वाक्य फार वापरतात.

४. हुद्दा

अधिकाऱ्यांचा हुद्दा उजव्या कॉलरवर आणि शाखेचं चिन्ह डाव्या कॉलरवर असतं (पायदळासाठी एकमेकांवर आडव्या दोन बंदुका). शिपाई आणि सार्जंट यांचा हुद्दा दोन्ही बाह्यांवर. साधारण १९६८ पासून कॉलरवर टोचायची काळी धातूची छोटी चिन्हं दिसू लागतात.

एक खूण लक्षात ठेवा, ती फार उपयोगी पडते. १९६८ मध्ये प्रायव्हेट फर्स्ट क्लासच्या चिन्हात वरच्या उलट्या व्ही-पट्टीखाली एक कमानदार पट्टी जोडली गेली, आणि नुसती एक उलटी व्ही-पट्टी त्याच्या खालच्या हुद्द्याला मिळाली. तेव्हा कमान असलेला प्रायव्हेट फर्स्ट क्लासचा हुद्दा "१९६६" च्या शर्टावर दिसला तर काहीतरी नंतर शिवलेलं आहे. तारा आणि भोवती पानांची माळ असलेलं कमांड सार्जंट मेजरचं चिन्हही १९६८ चंच.

५. खांद्यावरचे पॅच

सगळ्यांचं मन इथेच अडकतं आणि पैसेही इथेच जातात. नियम साधा आहे: डाव्या खांद्यावर सैनिक सध्या ज्या तुकडीत आहे तिचा पॅच, उजव्या खांद्यावर आधी युद्धकाळात ज्या तुकडीत होता तिचा. उजवा खांदा भरलेला असेल तर हा माणूस आधी कधीतरी दुसऱ्या तुकडीतून युद्धावर जाऊन आलेला आहे. पण ते आधीचं युद्ध कोरियाचं किंवा दुसरं महायुद्धही असू शकतं. जुन्या सार्जंटांच्या शर्टांवर असे पॅच मिळतात आणि ते अगदी बरोबर असतात.

आता तुकड्यांच्या तारखा. माझ्या वहीतल्या काही:

- एमएसीव्ही, म्हणजे व्हिएतनाममधलं लष्करी साहाय्य मुख्यालय: फेब्रुवारी १९६२ ते मार्च १९७३. लाल ढाल, पिवळी तटबंदी, मधून वर जाणारी पांढरी तलवार.
- १७३वी एअरबोर्न ब्रिगेड: मे १९६५ ते ऑगस्ट १९७१. पंखाने धरलेली लाल संगीन.
- पहिली कॅव्हलरी डिव्हिजन: सप्टेंबर १९६५ पासून. बहुतांश डिव्हिजन १९७१ मध्ये परतली, एक ब्रिगेड १९७२ पर्यंत राहिली. मोठी पिवळी ढाल, काळा तिरका पट्टा, घोड्याचं डोकं.
- १०१वी एअरबोर्न: एक ब्रिगेड जुलै १९६५ मध्ये, पूर्ण डिव्हिजन १९६७ च्या अखेरीस. परती १९७२ मध्ये.
- नववी इन्फंट्री डिव्हिजन: डिसेंबर १९६६ पासून. बहुतेक भाग १९६९ मध्ये परतला.
- १९९वी लाइट इन्फंट्री ब्रिगेड: डिसेंबर १९६६ ते ऑक्टोबर १९७०.
- अमेरिकल डिव्हिजन: व्हिएतनाममध्ये सप्टेंबर १९६७ ते नोव्हेंबर १९७१. निळ्या ढालीवर चार पांढरे तारे.

अमेरिकलचा पॅच दुसऱ्या महायुद्धातही होता, डिव्हिजनची स्थापना १९४२ ची. पहिल्या कॅव्हलरीचा पॅचही दुसऱ्या महायुद्धात होता. त्यामुळे नुसता सुटा पॅच हाती आला तर तो कुठल्या युद्धातला हे त्याच्या बनावटीवरून ठरवावं लागतं. जुन्या अमेरिकी पॅचची कड कापलेली आणि सपाट असते. दोऱ्याने गुंडाळलेली जाड, गोलसर कड म्हणजे मेरो कड. ती साठच्या दशकाच्या अखेरीस सर्रास दिसू लागते. मागच्या बाजूला प्लास्टिकचा चकाकता थर असेल तर पॅच बहुधा युद्धानंतरचा.

व्हिएतनाममधल्या शिंप्यांनी केलेले पॅच हा वेगळाच आनंद आहे. ते मशीनवर हाताने कापड फिरवत भरायचे. त्यामुळे दोन पॅच कधीच हुबेहूब सारखे नसतात, घोड्याचं तोंड लांबट होतं, तलवार किंचित वाकडी असते. अशा पॅचला भिंगाखाली पाहा. टाक्यांची दिशा मध्येच बदलते, मागे दोऱ्यांची टोकं मोकळी राहिलेली असतात, आधाराला कधी मच्छरदाणीचं तर कधी जुन्या गणवेशाचं कापड असतं. हे पॅच म्हणूनच सर्वाधिक आवडते आहेत, आणि म्हणूनच त्यांच्या नकलाही भरपूर निघतात. हो ची मिन्ह शहरात येर्सिन रस्त्यावर दान सिन्ह बाजार आहे. तिथे युद्धकाळातला माल म्हणून गणवेश, ओळखपट्ट्या आणि लायटर मांडलेले असतात. त्यात खरं थोडं आणि नव्याने केलेलं पुष्कळ. फिरायला जरूर जा, पण तिथून आणलेल्या वस्तूवर तारीख लिहिण्याआधी ती सगळ्या कसोट्यांतून काढा.

पॅच अधिकृतपणे कधी मंजूर झाला हे पाहायचं असेल तर व्हर्जिनियात फोर्ट बेल्व्हॉर इथल्या अमेरिकी लष्कराच्या इन्स्टिट्यूट ऑफ हेराल्ड्रीची माहिती आधाराला घ्या. तिथेच २०२० मध्ये उघडलेलं लष्कराचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. खरे गणवेश काचेआडून का होईना, शांतपणे बघून घ्या. डोळा तयार व्हायला दुसरा उपाय नाही.

६. टाके, सावली आणि टॉर्च

पॅच खरा आणि शर्टही खरा, पण दोघांची गाठ गेल्या महिन्यात कुणाच्या तरी गॅरेजमध्ये पडलेली, हा सध्याचा सर्वांत मोठा सापळा आहे. साधा शर्ट स्वस्त, प्रसिद्ध तुकडीचा पॅच लावला की किंमत कित्येक पट होते. स्पेशल फोर्सेस, रेंजर आणि टेहळणी पथकांचे पॅच याच कारणाने संशयाने पाहावेत.

पॅचची कड हलकेच उचला. वर्षानुवर्षं उन्हात आणि धुण्यात गेलेल्या शर्टात पॅचखालचं कापड गडद राहिलेलं असतं. त्या गडद सावलीचा आकार आणि पॅचचा आकार जुळायला हवा. सावलीच नसेल तर पॅच नवा लागला. सावली मोठी किंवा वेगळ्या आकाराची असेल तर आधी तिथे दुसरा पॅच होता. आजूबाजूला सुईची जुनी भोकं शोधा.

मग शिवणीचा दोरा. जुना सुती दोरा कापडाबरोबर आटतो, त्यामुळे पॅचच्या कडेने कापडाला बारीक चुण्या पडतात आणि दोऱ्याचाही रंग उतरलेला असतो. विटक्या शर्टावर गडद, गुळगुळीत, सपाट शिवण दिसली तर सावध व्हा.

शेवटी अंधारात टॉर्च. नव्या कृत्रिम दोऱ्यांतले पांढरेपणा आणणारे घटक निळसर चमकतात. पण धुण्याच्या पावडरीतही हेच घटक असतात, आणि ते त्या काळातही होते. तेव्हा चमकलं म्हणून खोटं असा निकाल देऊ नका. कापड आणि पॅच दोन्ही सारखे चमकत असतील तर ते एकत्र धुतले गेलेत. कापड शांत आणि फक्त पॅचचा किंवा शिवणीचा दोरा उजळत असेल, तर तो पॅच मागाहून आलाय.

७. समारंभाचा हिरवा कोट

थोडक्यात सांगतो. उजव्या बाहीच्या खालच्या भागातली प्रत्येक सोनेरी आडवी पट्टी म्हणजे युद्धक्षेत्रात सहा महिने. डाव्या बाहीवरची प्रत्येक तिरकी पट्टी म्हणजे तीन वर्षांची नोकरी. छातीवर पिवळी, मध्ये तीन लाल रेघा आणि कडेला हिरवी अशी फीत म्हणजे व्हिएतनाम सर्व्हिस मेडल, जुलै १९६५ मध्ये सुरू झालेलं. मेरिटोरियस सर्व्हिस मेडलची फीत असेल तर कोट १९६९ नंतरचा. आणि आर्मी सर्व्हिस रिबन असेल, तर फितींची ती रांग १९८१ नंतर लावलेली आहे, कारण ती फीत त्याच वर्षी आली. माणूस व्हिएतनामला जाऊन आलेला असेल, पण कोट त्याच्या नंतरच्या नोकरीतला आहे.

८. एक जॅकेट वाचून पाहू

माझ्या कपाटात एक जंगल जॅकेट आहे. विकणाऱ्याच्या चिठ्ठीवर "१९६६, कॅप्टन" असं लिहिलेलं होतं. तिसरी पिढी, रिपस्टॉप. लेबलवर ६९ चं कंत्राट, म्हणजे जुलै १९६८ च्या आधीचं नाहीच. १९६६ तिथेच गळालं. उजव्या कॉलरवर काळ्या दोऱ्याने भरलेल्या दोन दांड्या, डावीकडे आडव्या बंदुका: पायदळातला कॅप्टन, हे बरोबर. दोन्ही पट्ट्या सबड्यूड. उजव्या खांद्यावर १७३व्या ब्रिगेडचा सबड्यूड पॅच, डाव्यावर शिंप्याने भरलेला एमएसीव्हीचा रंगीत पॅच. दोन्ही पॅचखाली आकाराला जुळणारी गडद सावली, कडेने चुण्या, टॉर्चखाली सगळं सारखंच मंद.

म्हणजे हा माणूस आधी १७३व्यात लढून गेला आणि दुसऱ्या खेपेला बहुधा सल्लागार म्हणून परत आला. जॅकेट १९६८ च्या उत्तरार्धापासून मार्च १९७३ पर्यंतच्या काळातलं. रंगीत आणि सबड्यूडचं मिश्रण आहे, त्याने काही बिघडत नाही. चिठ्ठीवरचं साल खोटं निघालं, जॅकेट मात्र खरं आणि जास्तच बोलकं निघालं.

९. भारतात राहून संग्रह करायचा असेल तर

वापरलेल्या कपड्यांची आयात भारतात निर्बंधित गटात मोडते. परदेशातून शर्ट मागवण्याआधी सीमाशुल्काचं काम करणाऱ्या एजंटला विचारा, पार्सल अडकल्यावर विचारून फायदा नाही. सुरुवात सुट्या पॅचपासून केलेली बरी. आणखी एक गोष्ट: आपल्या सैनिकासारखा गणवेश लोकांना तसं भासवण्याच्या हेतूने घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. कपडा अमेरिकी असला तरी लष्करी हिरवा पोशाख घालून रस्त्यावर फिरू नका.

साठवणीचा प्रश्न कोकण-मुंबईच्या दमट हवेत जास्त. धुऊ नका, इस्त्री करू नका, सुटलेला पॅच परत शिवू नका. टिश्यू कागदात सैल गुंडाळा, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला उघडून बुरशी किंवा कसर लागली का ते बघा. डांबरगोळ्या कापडाला लागून ठेवू नका.

१०. आत नाव सापडलं तर

कॉलरच्या आत शाईने आडनावाचं पहिलं अक्षर आणि चार आकडे लिहिलेले सापडतात. ही धोब्याची खूण: शेवटचे चार आकडे सैनिकाच्या क्रमांकाचे. पूर्ण क्रमांक असेल आणि त्याच्या आधी "आरए" असेल तर तो स्वतःहून भरती झालेला, "यूएस" असेल तर सक्तीने बोलावलेला. १ जुलै १९६९ पासून भूदलाने हे क्रमांक बंद करून सोशल सिक्युरिटी क्रमांक वापरायला सुरुवात केली. त्यामुळे असा जुना क्रमांक हाही तारखेचा पुरावा. मात्र नऊ आकडी सोशल सिक्युरिटी क्रमांक दिसला तर फोटोत तो झाका. ती माणसं किंवा त्यांची मुलं आज हयात आहेत.

सैनिकांच्या नोंदी सेंट लुईसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरमध्ये असतात. १९७३ मध्ये तिथे मोठी आग लागली, पण भूदलाच्या जळालेल्या नोंदी १९६० च्या आधी सेवामुक्त झालेल्यांच्या होत्या, म्हणून व्हिएतनामवाल्यांच्या बहुतेक शिल्लक आहेत. सेवामुक्तीनंतर बासष्ट वर्षांनी नोंद सर्वांना खुली होते, तोपर्यंत पूर्ण फाइल फक्त त्या सैनिकाला किंवा जवळच्या नातेवाइकांना मिळते. कुटुंबाचा पत्ता तुमच्याकडे असेल तर आधी एक साधं पत्र लिहा: गणवेश माझ्याकडे आहे, फोटो सोबत जोडलाय, तुम्हाला परत हवा आहे का?